पावसाळ्यात परदेशी टपाल कोरडे जावे म्हणून

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

हे पत्र लिहिताना माझ्यासमोर एक पाकीट आहे. २०२४ च्या जुलै महिन्यात माझ्या मुलीने मेलबर्न येथे राहणाऱ्या आपल्या भावासाठी राखी, कुंकवाची पुडी आणि दोन पानी पत्र घालून ते टपालात टाकले आणि नोव्हेंबरमध्ये ते आमच्याच दारी परत आले. पाकिटाच्या दर्शनी बाजूवर जिथे भावाचे नाव, घराचा क्रमांक, रस्ता आणि शहर लिहिले होते, तिथे आता केवळ निळा डाग उरला आहे, कारण तो पत्ता जेल पेनने लिहिलेला होता. मागच्या बाजूला डाव्या कोपऱ्यात मी बॉलपेनने लिहिलेला आमचा नाशिकरोडचा पत्ता मात्र अक्षर न् अक्षर वाचता येतो, आणि पाकीट घरी परत आले ते त्या कोपऱ्याच्या बळावरच. त्यावर परदेशातला एकही शिक्का नाही, म्हणजे ते देशाबाहेर गेलेच नसावे. आत राखीच्या लाल रेशमाचा रंग सुटला होता, कुंकू ओले होऊन पसरले होते आणि मुलीच्या पत्राचे पहिले पान गुलाबी झाले होते.

पाकीट नेमके कोठे भिजले हे मला सांगता येणार नाही. पत्रपेटीत, थैलीत, फलाटावर की गाडीत चढवताना, याचा छडा लावणे आता शक्य नाही आणि कोणा एका कर्मचाऱ्यावर ठपका ठेवण्यासाठी मी हे लिहीत नाही. आमच्याही चुका झाल्या होत्या आणि त्या मी पुढे मोकळेपणाने सांगणार आहे. परंतु दर पावसाळ्यात नाशिकमधून हजारो मैलांच्या प्रवासाला निघणारे टपाल त्या प्रवासाच्या पहिल्याच टप्प्यात ओले होऊ शकते आणि थोडी काळजी घेतली तर ते वाचवता येते, हे मला वाचकांसमोर आणि संबंधित अधिकाऱ्यांसमोर आपल्या वृत्तपत्रातून मांडावयाचे आहे.

या विषयावर लिहिण्याचा माझा अधिकार एवढाच की मी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये पस्तीस वर्षे नोकरी केली. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडे नुसते ‘प्रेस’ म्हटले की ते इंडिया सिक्युरिटी प्रेस किंवा शेजारची नोटांची प्रेस असे समजले जाते. १९२५ मध्ये सुरू झालेल्या या छापखान्यात देशाची टपाल तिकिटे छापली जाऊ लागली. स्वतंत्र भारताचे पहिले तिकीट, २१ नोव्हेंबर १९४७ रोजी निघालेले साडेतीन आण्यांचे ‘जय हिंद’चे तिकीट, इथलेच. ऑक्टोबर १९५२ मध्ये कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब आणि रवींद्रनाथ यांची जी सहा तिकिटांची माला निघाली, ती फोटोग्रॅव्हुर (कोरलेल्या सिलिंडरवरून छपाईच्या) पद्धतीने छापलेली भारताची पहिली तिकिटे, तीही इथलीच. आपल्या देशाचा पासपोर्टही इथेच छापला जातो. त्यामुळे ज्या पासपोर्टवर माझा मुलगा परदेशी गेला तो आणि त्याला पाठवलेल्या पाकिटावरचे तिकीट, दोन्ही आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर तयार झालेली आहेत. या गोष्टीचा मला आजही अभिमान वाटतो.

तिकिटांचे छापील ताव तपासण्याच्या कामात असताना पावसाळा म्हणजे काय ते आम्ही जवळून पाहिले. कागद हवेतली ओल शोषून घेतो आणि काही अंशी फुगतो. डोळ्यांना ते दिसत नाही, पण एका रंगावर दुसरा रंग बसवायचा असला की केसाएवढा फरकही लगेच कळतो. एका बाजूने गोंद लावलेला ताव दमट हवेत कडेने वळू लागतो, आणि एकावर एक ठेवलेले ताव ओलसर झाले की असे चिकटतात की ते सोडवताना गोंदाबरोबर छपाईही निघून येते. म्हणून कागदाचे गठ्ठे थेट जमिनीवर ठेवायचे नाहीत, खाली लाकडी फळ्या असल्याच पाहिजेत, भिंतीपासून हातभर अंतर असले पाहिजे आणि ओल्या छत्र्या, रेनकोट दाराबाहेर राहिले पाहिजेत, हे नियम आम्हाला नोकरीच्या पहिल्या आठवड्यातच शिकवले जात. यंत्रे बदलली, माणसे निवृत्त झाली, पण कागदाचा स्वभाव बदललेला नाही. इतक्या जपणुकीने तयार झालेले तिकीट ज्या पाकिटावर चिकटवले जाते, ते पाकीट पुढे ओल्या फरशीवर पडणार असेल तर जीव हळहळतो.

नाशिकच्या पावसाविषयी बाहेरच्यांचा आणि कधी कधी आपलाही गैरसमज असतो. शहरात वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे कोकणच्या मानाने फार नाही. परंतु आपल्या टपालाला मुंबईला जायचे असते, आणि नाशिकरोडहून लोहमार्गाने जेमतेम पन्नास किलोमीटरवर असलेल्या इगतपुरीला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून खाली उतरताना कसाऱ्याचा घाट आहे. जुलै २०२१ मध्ये इगतपुरी आणि कसारा यांच्या दरम्यान दरडी कोसळल्या, रुळांखालची खडी वाहून गेली आणि गाड्या जागच्या जागी थांबल्या, हे अनेकांना आठवत असेल. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा तर मुंबईचा विमानतळच बंद ठेवावा लागला होता. असे दिवस विरळा येतात हे खरे, पण आषाढ-श्रावणात जेव्हा झड लागते, चार-चार दिवस ऊन दिसत नाही आणि घरातले मीठसुद्धा पाणी सोडते, तेव्हा कुठेही अतिवृष्टी नसतानाही थैलीतला कागद सादळतो. गोदेला पूर आला की आपण गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे पाहून पाणी किती चढले ते सांगतो. कागदात चढणारे पाणी मोजायला मात्र तसे काही नसते.

नाशिकच्या खिडकीवर दिलेले परदेशी टपाल लगेच विमानात बसत नाही. ते वर्गीकरणासाठी जाते, मुंबईच्या विदेश टपाल कार्यालयाच्या यंत्रणेत पोहोचते, तिथे सीमाशुल्क विभागाची तपासणी होते, देशवार थैल्या भरल्या जातात आणि मग ते विमानतळाकडे जाते. या प्रत्येक ठिकाणी थैली उचलली जाते, टेकवली जाते, उघडली जाते, पुन्हा बांधली जाते. भर पावसात फलाटावर दोन मिनिटे टेकवलेली थैली खालून ओली होते आणि तळाशी असलेली पाकिटे पुढचे चोवीस तास त्या ओलीत बसून राहतात. विमानात गेल्यावर पाऊस लागण्याचा प्रश्नच नाही. म्हणजे मेलबर्नपर्यंतच्या साऱ्या प्रवासात सर्वांत धोक्याचे अंतर कोणते असेल तर ते नाशिक ते मुंबईचे, दोनशे किलोमीटरही नसलेले. ते आपल्या हातातले अंतर आहे, म्हणून त्याची काळजी घेण्याचा आग्रह मी धरतो आहे.

दुर्दैवाने आपल्याकडून परदेशी सर्वाधिक टपाल जाते तेही याच दिवसांत. राखी वेळेवर पोहोचायची तर ती पौर्णिमेच्या तीन-चार आठवडे आधी निघायला हवी, म्हणजे ऐन आषाढात. दिवाळीचा फराळ भाद्रपद-आश्विनात निघतो, तेव्हा परतीचा पाऊस असतो. आणि परदेशी विद्यापीठांत शरद ऋतूतील प्रवेश घेणाऱ्या मुलामुलींची कागदपत्रे जून-जुलैमध्ये धावत असतात. या शेवटच्या गोष्टीकडे मला विशेष लक्ष वेधायचे आहे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय १९९८ पासून आपल्या नाशिकला आहे, त्यामुळे राज्यभरातल्या डॉक्टर, दंतवैद्य आणि परिचारिकांच्या गुणपत्रकांशी या शहराचा संबंध आहे. अशा कागदपत्रांचे पाकीट बहुधा मोहोरबंद लागते. पाकिटाच्या झाकणावर सही आणि शिक्का असतो आणि ते उघडलेले दिसले तर अनेक परदेशी संस्था ते ग्राह्य धरत नाहीत. साध्या गोंदाने चिकटवलेले झाकण दमट हवेत आपोआप सुटते. कोणी हात न लावताही पाकीट उघडलेले दिसते. आमच्या शेजारच्या एका मुलीचे असे पाकीट कॅनडात अमान्य झाले आणि तिला सर्व कागद पुन्हा मागवावे लागले. त्यात दोन महिने गेले आणि तिचा प्रवेश पुढच्या सत्रावर ढकलला गेला. राखी उशिरा पोहोचली तर बहीण फोनवर रडून मोकळी होते, पण एका सत्राची फी, भाड्याने घेतलेली खोली आणि काढलेले विमानाचे तिकीट यांचे नुकसान मध्यमवर्गीय घराला वर्षभर पुरते.

नुकसान झाले तर भरपाईचे काय, असे कोणी विचारील. कायदा याबाबत फारसा आधार देत नाही. १८९८ च्या जुन्या कायद्यात टपाल हरवले, उशिरा पोहोचले किंवा खराब झाले तर शासनाची जबाबदारी मर्यादित ठेवलेली होती. १८ जून २०२४ पासून लागू झालेल्या २०२३ च्या नव्या पोस्ट ऑफिस अधिनियमातही नियमांनी ठरवून दिलेली जबाबदारी सोडली तर स्थिती तीच आहे. आंतरराष्ट्रीय टपालाची चौकशी मात्र करता येते आणि त्यासाठी टपाल दिल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सहा महिन्यांची मुदत असते. ही मुदत फार थोड्यांना ठाऊक असते. मलाही ती पाकीट परत आल्यावर समजली. चौकशीसाठी पावती लागते आणि पावतीवरचा तेरा खुणांचा क्रमांक लागतो, ज्यात आधी दोन रोमन अक्षरे, मग नऊ अंक आणि शेवटी भारताची ‘आयएन’ ही दोन अक्षरे असतात. आम्ही राखी साध्या पाकिटातून, क्रमांकाविना पाठवली होती, त्यामुळे चौकशीला जागाच नव्हती. ही आमची पहिली चूक.

दुसरी चूक अशी की राखी हे पत्र नव्हे, ती वस्तू आहे. कागदपत्रांखेरीज काहीही परदेशी पाठवायचे असेल तर त्यासोबत सीमाशुल्काचे घोषणापत्र लागते. कमी किमतीच्या वस्तूंसाठी ‘सीएन २२’ आणि अधिक किमतीच्या वस्तूंसाठी ‘सीएन २३’ असा अर्ज असतो. २०२१ पासून ही माहिती संगणकाद्वारे आगाऊही कळवावी लागते, म्हणून खिडकीवर आपल्याला वस्तूचे नाव, वजन, किंमत आणि घेणाऱ्याचा फोन क्रमांक विचारतात. अनेक ज्येष्ठ नागरिकांना ही नसती उठाठेव वाटते आणि ते चिडतात. कृपया चिडू नये. त्या माहितीशिवाय पाकीट पलीकडच्या देशात अडकू शकते. ‘गिफ्ट’ एवढेच मोघम न लिहिता ‘रेशमी धाग्याची राखी, एक’ असे नेमके लिहिले तर तपासनिसाला पाकीट फोडण्याची गरज कमी पडते, आणि पाकीट जितके कमी फोडले जाईल तितकी ओल आत शिरण्याची शक्यताही कमी होते. तिसरी चूक कुंकवाची. कोणतीही भुकटी पाकिटात दिसली की तपासणाऱ्याला शंका येणारच, आणि ओली झाली तर ती सगळे टपाल रंगवते, आपले आणि दुसऱ्याचेही.

खाण्याच्या पदार्थांबाबत तर प्रत्येक देशाचा कायदा निराळा आहे. युरोपीय संघातल्या देशांत बाहेरून टपालाने दुधाचे आणि मांसाचे पदार्थ पाठवता येत नाहीत. माझ्या मेहुणीने जर्मनीला पाठवलेले पेढे तिकडच्या तपासणीत काढून घेतले गेले आणि त्यांच्याबरोबरचा चिवडाही नातवाच्या हाती तीन आठवड्यांनी पडला. ऑस्ट्रेलियात बी-बियाणे आणि वनस्पतिजन्य वस्तूंवर कडक निर्बंध आहेत, त्यामुळे रुद्राक्ष, तुळशीचे मणी किंवा अक्षता लावलेली राखी तिकडे पाठवूच नये. घरच्या माणसाला पाठवलेली ४५ युरोपर्यंतची भेट युरोपीय संघात करमुक्त असते, परंतु ती भेट आहे आणि पाठवणारी व घेणारी दोन्ही खाजगी व्यक्ती आहेत हे अर्जावर स्पष्ट लिहावे लागते. हे सारे तपशील कोणा एका माणसाने पाठ करावेत अशी अपेक्षा नाही, म्हणूनच ते भिंतीवर लिहिलेले असावेत.

आता बांधणीविषयी, कारण जे मला खरोखर माहीत आहे ते इथे उपयोगी पडेल. पत्ता बॉलपेनने किंवा न पुसणाऱ्या मार्करने लिहावा. जेल पेन आणि शाईचे पेन पावसाळ्यात दूर ठेवावे. पत्त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावली तरी चालते, पण तिकिटावर ती कधीही लावू नये, कारण तिच्यावर शिक्क्याची शाई नीट बसत नाही. तिकीट थुंकीने किंवा भिजलेल्या बोटाने न चिकटवता पातळ डिंकाने, चारही कडा दाबून चिकटवावे. पाकिटाच्या आत एका साध्या चिठ्ठीवर दोन्ही पत्ते पुन्हा लिहून ठेवावेत. वरचे काही वाचता आले नाही तर पाकीट उघडून पत्ता शोधण्याचा मार्ग राहतो. पूर्वी पार्सल मांजरपाटात शिवून, टाक्यांच्या सांध्यांवर लाखेच्या मोहोरा लावून दिले जाई. त्या कापडाला पाणी लागत असे, पण आतल्या डब्यापर्यंत पोहोचायला वेळ लागे. आज पुठ्ठ्याचे खोके आणि खाकी चिकटपट्टी आली; पुठ्ठा पाणी पितो आणि पट्टी सुटते. म्हणून खोक्याच्या आतून जाड प्लास्टिकचे अस्तर हवे.

फराळाच्या बाबतीत माझ्या पत्नीची पद्धत मी इथे देतो, कारण ती आम्ही अकरा वर्षे वापरतो आहोत आणि भाजणी एकदाही कुबट निघालेली नाही. चकलीची भाजणी किंवा मेतकूट दळून आणल्यावर ती ते परातीत पसरून पूर्ण गार होऊ देते, कारण कोमट पीठ पिशवीत भरले की आतूनच वाफ धरते आणि मग बाहेरच्या पावसाची गरजही उरत नाही. मग जाड पिशवीत भरून, हाताने दाबून हवा काढून, पिशवीचे तोंड दुमडून मेणबत्तीच्या ज्योतीवरून पट्टीच्या आधाराने फिरवते, म्हणजे ते सलग चिकटते. ही पिशवी दुसऱ्या पिशवीत, उलट्या तोंडाने. दोन्हींच्या मध्ये औषधांच्या किंवा बुटांच्या खोक्यात मिळतात त्या ओल शोषणाऱ्या पुड्या, ज्या वर्षभर जमवून, उन्हात वाळवून ठेवलेल्या असतात. पापड-कुरडया उन्हाळ्यात केलेल्या असतात, तरीही श्रावणात बांधण्याआधी त्या एकदा तव्याच्या उबेवर फिरवून घेते. यात कोणतीही खर्चीक गोष्ट नाही.

परंतु सर्व काळजी पाठवणाऱ्यानेच घ्यावी हे न्याय्य नाही. टपाल खात्याने गेली काही वर्षे राखीसाठी पाणी न लागणारी पाकिटे विक्रीस ठेवली आहेत, त्याबद्दल खात्याचे मनःपूर्वक अभिनंदन केले पाहिजे. तशीच पाकिटे मोठ्या आकारात, कागदपत्रांसाठी आणि पुस्तकांसाठी, जूनपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत शहरातल्या प्रत्येक टपाल कार्यालयात मिळावीत. ज्याला ती घ्यायची नसतील त्याच्यासाठी खिडकीवर साध्या पारदर्शक पिशव्यांचा गठ्ठा असावा आणि परदेशी पाकीट स्वीकारताना ते त्या पिशवीत घालून, क्रमांकाची चिकटपट्टी वर लावून पुढे द्यावे. क्रमांकाची ती पट्टी ओल्या पाकिटावर नीट चिकटत नाही आणि एकदा ती गळून पडली की पावती हातात असूनही पाकीट अनोळखी होते. थैल्या जिथे जिथे जमिनीवर टेकवल्या जातात, तिथे लाकडी किंवा प्लास्टिकच्या फळ्या ठेवाव्यात. प्रेसमध्ये शंभर वर्षे जे चालत आले ते टपालाच्या थैलीसाठी अवघड नाही. सिंहस्थाच्या निमित्ताने शहरात सार्वजनिक जागांची इतकी कामे चालू आहेत, त्यात टपालाच्या गाड्या जिथे लागतात तिथे चार खांबांवर एक पत्र्याचे छप्पर उभारणे हा खर्च नगण्य ठरेल. आणि ज्या पत्रपेट्यांची झाकणे गंजून वाकडी झाली आहेत, त्यांची तपासणी पहिल्या पावसाच्या आधी व्हावी.

दुसरी मागणी माहितीची आहे. गेल्या वर्षी अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या मालाला असलेली शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून काढून घेतली, तेव्हा आपल्या टपाल खात्याला २५ ऑगस्टपासून तिकडची बहुतेक टपालसेवा थांबवावी लागली आणि महिनाअखेरीस ती पूर्णच थांबली. विमान कंपन्या टपाल उचलायला तयार नव्हत्या, शुल्क कोणी आणि कसे गोळा करायचे हे ठरलेले नव्हते, त्यामुळे खात्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. १५ ऑक्टोबरला सेवा पुन्हा सुरू झाली, शुल्क इथेच आगाऊ भरण्याची सोय झाली, पण तोवर दिवाळी तोंडावर आली होती आणि अनेक घरांत बांधून ठेवलेला फराळ तसाच राहिला. त्या दिवसांत मी रांगेत अशा आजीबाई पाहिल्या, ज्या पावसात रिक्षा करून चार किलोचे खोके घेऊन आल्या होत्या आणि सेवा बंद आहे हे त्यांना खिडकीवर पोहोचल्यावरच समजले. निर्णय दूरच्या देशात झाला होता, त्याला इथला कर्मचारी काय करणार? पण दारातच मोठ्या मराठी अक्षरांत एक फलक असता तर त्या रांगेत तासभर उभ्या राहिल्या नसत्या. कोणत्या देशाची सेवा चालू आहे, राखी आणि दिवाळीसाठी कोणत्या तारखेपर्यंत टपाल द्यावे, कोणत्या देशात काय चालत नाही, आणि घोषणापत्राचा भरलेला एक नमुना, एवढे त्या फलकावर दर महिन्याला नव्याने लिहिले जावे. खाली लिहिण्यासाठी एक कोरडे टेबल आणि दोरीला बांधलेले एक चालू बॉलपेन असावे.

भारत १ जुलै १८७६ रोजी जागतिक टपाल संघात सामील झाला, म्हणजे यंदाच्या १ जुलैला त्याला दीडशे वर्षे पूर्ण झाली. नाशिकमधल्या माणसाने लिहिलेले पत्र जगातल्या कोणत्याही गावातल्या टपालवाल्याने स्वीकारावे आणि घरोघर पोहोचवावे, ही व्यवस्था तेव्हापासून युद्धे, फाळणी आणि साथी यांतून टिकून राहिली आहे. आज व्हिडिओ कॉलवर रोज चेहरा दिसतो हे मला ठाऊक आहे, मीही दर रविवारी नातीशी बोलतो. तरीही मुलगा पत्राची वाट पाहतो, त्याच्या घरी फ्रिजवर आमची पत्रे लावलेली आहेत, आणि नातीला देवनागरी वाचता येऊ लागली ती आजीने पाठवलेल्या पत्रांवरून. खाजगी कुरिअरने हे सारे पाठवता येते, परंतु त्याचे दर निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या घराला दर वेळी परवडणारे नाहीत, आणि खेड्यापाड्यातून, सिन्नर-निफाड-दिंडोरीच्या वस्त्यांतून टपाल कार्यालयच जवळ असते.

आपल्या वृत्तपत्रालाही एक विनंती आहे. दर वर्षी आषाढाच्या सुरुवातीस आणि पुन्हा भाद्रपदात, परदेशी टपालाच्या अंतिम तारखा आणि त्या वेळचे नियम यांची एक चौकट टपाल अधिकाऱ्यांकडून माहिती घेऊन आपण प्रसिद्ध करावी. आमच्या भागात अनेक घरे ती कापून देवघराशेजारी चिकटवतील, याची खात्री बाळगावी.

मुलगा गेल्या डिसेंबरमध्ये घरी आला होता. ते गुलाबी झालेले पान त्याने खिडकीशी उजेडात धरून वाचले. तीन ओळी अजिबात लागल्या नाहीत, त्या बहिणीने त्याला तोंडी सांगितल्या. पान तो बरोबर घेऊन गेला, राखी मनगटावर बांधूनच विमानात बसला, आणि रिकामे पाकीट मी मागून घेतले. टपाल खात्यातील ज्या कोणा अधिकाऱ्यांना ते पाहावयाचे असेल त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत कळवावे, मी ते घेऊन त्यांच्याकडे येईन.

आपला विश्वासू,
एक सेवानिवृत्त मुद्रण कर्मचारी,
नाशिकरोड
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)